शेणाची पाच बोटं

यवतमाळहून आई फोनवर विचारायची,
“तिकडं परदेशात जेवतं का नाही पोटभर?”
मी हसायचे. परदेश कसला,
एक रात्र आणि अर्धा दिवस.
पण गोकाकच्या स्टँडवर पहिल्याच सकाळी
पाट्यांवरची सगळी अक्षरं
मुटकुळं करून झोपलेल्या मांजरांसारखी दिसली,
एकानंही डोळा उघडला नाही.

बियाण्यांच्या कंपनीत होते मी.
मक्याच्या ओळींतून फिरायचं, वेगळं दिसेल ते झाड
मुळासकट उपटून बांधावर टाकायचं.
भेसळ काढणं म्हणतात त्याला.
स्कूटर घरून आणलेली, एमएच एकोणतीस.

त्या दिवशी सीमेवर काहीतरी पेटलं होतं.
कुणी कुणाच्या पाटीला काळं फासलं, आधी कुणी,
मला आजही नीट सांगता येणार नाही.
यरगट्टीच्या अलीकडे समोरून आरोळ्या आल्या,
मागे टायरचा धूर.
मी रस्त्याकडेच्या एका भिंतीशी थांबले
आणि थांबल्यावर कळलं, हात कापतायत.

भिंतीवर एक म्हातारी गोवऱ्या थापत होती.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटरच्या मागच्या बाजूला.
काही विचारलं नाही.
पाटीतला ओला गोळा उचलला
आणि थाप्‌कन मारला नंबरप्लेटवर,
मग पुढच्याही.
मला पाटीपाशी ढकललं खाली,
“कुंद्र यव्वा.”
बस म्हणाली असावी. बसले.
शेण कालवायला लागले.

पोरं आली. काठ्या, झेंडे, एकाच्या हातात रंगाचा डबा.
स्कूटरपाशी रेंगाळली.
म्हातारी भिंतीकडे तोंड करूनच बोलली,
त्यातलं एवढंच समजलं:
नम्म तंगी मगळ.
बहिणीची मुलगी.
खाली मान घालून मी
आयुष्यातली सगळ्यात वाकडी गोवरी थापली.

नाव दुंडव्वा.
रात्री ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, मडक्यातलं ताक.
मला येणारं कन्नड मक्याच्या शेतात संपायचं,
तिचं मराठी ‘बाई’ आणि ‘किती’ यांवर.
मी “धन्यवाद” म्हणाले
तर तिनं आणखी एक भाकरी वाढली.

तेवढ्यात तिचा नातू आला, मुदकप्पा.
हातपाय धुतले. बोटांवरचा रंग
काही केल्या निघेना.
ओळखलं मी त्याला. त्यानंही मला.
आजीकडे पाहिलं त्यानं, आजीनं चुलीकडे.
मग तो माझ्यासमोरच बसला,
आणि आम्ही दोघांनी एकाच वाटीतून चटणी घेतली.
कुणी कुणाला माफ केलं, असं काही झालं नाही.
तिखट होती, एवढं आठवतं.

पहाटे तो मोटारसायकलवर पुढे, मी मागे.
गावं एकेक करून मागे पडली.
गोकाकच्या फाट्याला त्यानं हात दाखवून वळण सांगितलं
आणि माझ्याकडे न बघताच परत फिरला.
म्हातारी निघताना म्हणाली होती, “होगि बा.”
जाऊन ये.
म्हणजे त्यांच्यातही नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत.

खोलीवर येऊन पाहिलं:
मागच्या पाटीवर वाळलेल्या शेणात
तिची पाच बोटं, अंगठ्यापाशी बांगडी टेकल्याची रेघ.
धुवायला बादली भरली होती. ओतली नाही.
आठवड्यानं पोलिसानं अडवलं,
नंबर दिसत नाही म्हणून पाचशे घेतले.
तोवर करंगळी गळून पडली होती.

त्यानंतर कधीतरी, सुट्टीत,
आईला सगळं सांगितलं. आणि विचारलं,
आपल्या दारात तिकडची गाडी असती
आणि चौकातून आपली पोरं आली असती,
तर तू लावलं असतंस शेण?

आई मेथी निवडत होती.
एक जुडी संपली, दुसरी सोडली.
मग म्हणाली,
“आपल्याकडं आता गाय कुठी हाय?”